डावीकडचा तिसरा बाक

मी त्या मुलीला उठवलं नाही, मी फक्त खोकलो. या दोहोंत जो मूलभूत फरक आहे तो माझ्या बायकोला, म्हणजे मालिनीला, आजतागायत पटलेला नाही. म्हणून सगळं रीतसर लिहून ठेवतो आहे.

आमच्या नाशिकच्या चर्चमध्ये बाकांवर कोणाची नावं नाहीत. देवाच्या घरात कसली आलीये मालकी, असं आम्ही सगळेच म्हणतो आणि आपापल्या बाकावर जाऊन बसतो. डावीकडचा तिसरा बाक सोनवण्यांचा. तिथे माझे आजोबा बसायचे, मग वडील बसायचे, आणि उपदेश लांबला की लहानपणी मी त्याच बाकाखाली झोपायचो. आता मी त्रेसष्ट वर्षांचा आहे, त्यामुळे झोप बसूनच घेतो. बाकावर माझी मरून रंगाची एक उशी असते. उपासना संपल्यावरही ती तिथेच राहते आणि इतक्या वर्षांत कोणी तिला हात लावलेला नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी त्या उशीवर निळ्या ओढणीची एक मुलगी बसली होती. असेल बावीस-तेवीस वर्षांची. डोळे मिटून प्रार्थना करत होती. मी बाकाच्या कडेला उभा राहिलो, बायबल या बगलेतून त्या बगलेत घेतलं, आणि खोकलो. आमच्या मंडळीत या खोकल्याचा अर्थ लहान पोरांनाही कळतो. त्यात राग नसतो, नुसती माहिती असते. मुलगी मान वर न करता ‘सॉरी’ म्हणाली आणि मागच्या बाकावर गेली. चौथा बाक वत्सलाबाईंचा. वत्सलाबाई निवृत्त मुख्याध्यापिका आणि महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्या खोकत नाहीत, रिकाम्या जागेवर पर्स ठेवतात. मुलगी पुन्हा उठली. पहिलं गीत संपून आम्ही खाली बसलो तेव्हा बाजूच्या दारातून निळी ओढणी बाहेर जाताना दिसली. मला वाटलं, फोन आला असेल.

रविवारी आमच्याकडे मटण असतं. त्या दिवशी मालिनीने ते वाढलं, पण आग्रह केला नाही. आमच्याकडे हे गंभीर लक्षण आहे.

“त्या मुलीला तुम्ही उठवलंत,” ती म्हणाली.

“मी खोकलो.”

“नाताळापासून चर्चमध्ये किती नवी माणसं आली? आणि त्यातली किती पुन्हा दिसली?”

मी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीचा सभासद आहे. असल्या प्रश्नाला माझ्याकडे आकडा तयार असायला हवा. मी मनातल्या मनात मोजलं आणि रस्सा चांगला झालाय, असं म्हणालो.

“एकही नाही,” मालिनी म्हणाली. “आणि आपण दर रविवारी म्हणतो, सर्वांचं स्वागत असो. मला काही मोठं नको. ती मुलगी एकदा परत येऊन उपासनेला शेवटपर्यंत बसू दे. मग मी मानेन की हे चर्च आहे आणि तुम्ही पंच आहात.”

चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात आस्थापना सांभाळलेल्या माणसाला असं आव्हान द्यायचं नसतं. हात धुता धुताच मी स्वागत समिती स्थापन केली. अध्यक्ष मी, सभासद मीच. लोकांना कामाला लावण्यात फार वेळ जातो, असा माझा अनुभव आहे.

आता स्वागत करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? हा प्रश्न मी जिन्यात विश्वेशरावांना विचारला. विश्वेशराव आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचे मामा त्र्यंबकेश्वरला यात्रेकरूंचं पौरोहित्य करतात, त्यामुळे आल्यागेल्याचं आतिथ्य हा विषय आपल्या रक्तात आहे, असं त्यांचं मत.

“सोनवणे, एकच सांगतो. नामावळी,” ते म्हणाले. “मामाकडे नवा माणूस आला की मामा आधी गाव विचारतो, मग आडनाव. मग कपाटातून जुनी वही काढतो आणि त्याच्या पणजोबांची सही दाखवतो. माणूस जागच्या जागी गार. अहो, घरी भावाशी बोलत नसतो, पण वहीत आजोबा बघून रडतो. पुन्हा दुसऱ्या दारात जात नाही.”

मला हे एकदम पटलं, कारण आमच्यातही वेगळं काय चालतं? नवा ख्रिस्ती माणूस भेटला की ‘सलाम’ म्हटल्यावर दुसरा प्रश्न ‘कुठले?’ हाच. मग आजोळ, मग आजोबा कोणत्या मिशनच्या बोर्डिंगात होते, असं करत करत दोघांना ओळखीची एक तरी आत्या सापडेपर्यंत आम्ही माणसाला सोडत नाही. हेच काम तोंडी न करता लेखी केलं की झालं.

त्या आठवड्यात मी नवागतांसाठी एक फॉर्म तयार केला. स्वतःच्या कामाचं कौतुक करू नये, पण असा फॉर्म खात्यातही क्वचित निघाला असेल. चौथा रकाना आजोबांचं मूळ गाव. सातवा, आजोबांना बाप्तिस्मा कोणी दिला. बारावा, या मंडळीत कोणी नातेवाईक असल्यास त्यांचं नाव, व त्यांच्याशी सध्या बोलणं आहे किंवा कसे. एकूण अठरा रकाने. आमचे पाळकसाहेब, रेव्हरंड धनराज त्रिभुवन, वयाने तरुण आणि स्वभावाने मऊ आहेत. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला आणि विचारलं, “सोनवणेसाहेब, थोडे कमी करता येतील का?” मी मोठ्या मनाने रक्तगटाचा रकाना काढून टाकला.

दुसरी गोष्ट फलकाची. ‘नवागतांचे हार्दिक स्वागत’ असा दहा फुटी फलक गेटवर लावायचा, तर रस्त्याच्या बाजूने दिसणार म्हणून परवानगी लागेल, असं कोणीतरी सांगितलं. लागत नसेलही. पण परवानगी न घेता काही करणं मला झोपेतही जमत नाही. संबंधित कार्यालयात गेलो. अर्जात कार्यक्रमाचा प्रारंभ आणि कार्यक्रमाची समाप्ती अशा दोन तारखा होत्या. प्रारंभ लिहिला. समाप्तीपाशी अडलो. चर्चमध्ये येणाऱ्यांचं स्वागत कधी संपतं? खोटं लिहिणार नव्हतो, म्हणून ‘प्रभूच्या पुनरागमनापर्यंत’ असं लिहिलं.

खिडकीतल्या बाईंनी ते शांतपणे वाचलं. “ही तारीख साधारण कधीची धरायची?”

“ती कोणालाच ठाऊक नाही, मॅडम.”

“मग तारीख नक्की झाली की अर्ज करा.”

माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. शेवटी एकतीस मार्च घातली आणि फलक लागला.

पहिल्या रविवारी सकाळी साडेआठ वाजता मी गेटवर उभा राहिलो. अंगात कोट, हातात फॉर्मची वही. शेजारी टेबलावर वत्सलाबाईंचा चहा आणि खारी. नव्या माणसाला आधी चहा पाजायचा, म्हणजे लिहायला हुशारी येते, अशी योजना होती. पावणेनऊपर्यंत नवं कोणी आलं नाही. नऊला पाच कमी असताना पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ आले, फलकाकडे बघत थांबले, आणि मी त्यांना हाताला धरून आत घेतलं. दोन कप चहा, तीन खाऱ्या. गृहस्थ अतिशय सज्जन. निफाडकडचे, नाव फकिरा. जे विचारलं त्याचं उत्तर देत गेले. आजोबांचं गाव सांगितलं, आजोळ सांगितलं. सातव्या रकान्यापाशी, बाप्तिस्मा कोणी दिला, इथे मात्र थबकले.

“त्ये काय ध्यानात नाय साहेब. रगात द्यायच्या आधी त्येबी लागतं का?”

आमच्या चर्चच्या भिंतीला लागून रक्त तपासण्याची लॅब आहे. फकिरा साखर तपासायला उपाशीपोटी आले होते. पहाटेपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते. आणि वत्सलाबाईंच्या चहात साखर किती असते ते नाशिकमध्ये सर्वांना माहीत आहे. लॅबवाल्याने त्यांना पुढच्या रविवारी या म्हणून परत पाठवलं. फकिरा मला एका शब्दाने बोलले नाहीत, उलट चहा चांगला होता म्हणाले. माझ्या मनाला ते जास्त लागलं.

पुढच्या रविवारी ते परत आले, साहजिकच. जाताना मला कोथिंबिरीची जुडी देऊन गेले. मी पंच कमिटीच्या अहवालात ‘दुसऱ्यांदा आलेले नवागत : एक’ अशी नोंद केली. मालिनीने कोथिंबीर घेतली, नोंद मान्य केली नाही.

“निळी ओढणी?” एवढंच तिने विचारलं.

तो दुसरा रविवार सांगायचं मी टाळतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पण सांगतो. त्या दिवशी मी पद्धत बदलली होती. गेटवर वही घेऊन उभं राहायचं, पण धरपकड नको; आत बसलेल्या नव्या माणसाला शोधायचं, गुलाब द्यायचा, उभं करायचं आणि सर्वांनी टाळ्या वाजवायच्या. उपासना सुरू झाल्यावर मी मागे नजर टाकली. अगदी शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड, करड्या साडीतल्या एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सूचनांच्या वेळी मी माईक घेऊन थेट मागे गेलो, त्यांच्या हातात गुलाब दिला आणि जाहीर केलं की आपल्या मंडळीत आज प्रथमच आलेल्या या भगिनीचं आपण स्वागत करू या. टाळ्या चांगल्या झाल्या. मग मी माईक त्यांच्यापुढे धरला.

“सलाम,” त्या म्हणाल्या. “मी विमलाबाई. पंचवटीत साड्यांना फॉल-पिको करते. मला इथं यायला लागून अकरा वर्सं झाली.”

चर्चमध्ये पंखे किती आवाज करतात हे मला त्या दिवशी कळलं. पाळकसाहेब वेदीवरच्या फुलांकडे बघत होते. वत्सलाबाईंनी पर्स उघडून बंद केली. मी माईक घेऊन तिथून तिसऱ्या बाकापर्यंत चालत आलो. ते अंतर बारा बाकांचं आहे.

उपासना संपल्यावर मी माफी मागायला गेलो. मालिनीने पाठवलं म्हणून नव्हे. मला स्वतःलाच लाज वाटत होती.

“आसू द्या हो,” विमलाबाई म्हणाल्या. “मलाबी वाटतच होतं, एकदा वळख करून घ्यावी.”

त्या हे टोचून बोलत नव्हत्या. टोचून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विचारलं, अकरा वर्षं इतक्या मागे का बसता?

“हितं कोणी खोकत नाय.”

मी बसलो.

“नवीन माणूस पुढं बसतं,” त्या सांगू लागल्या, “मग एकेक बाक मागं येत येत माझ्यापाशी येतं. नाताळात ते जळगावकडचं जोडपं आलं, बाईला दिवस गेलेले. आता मुलगी झाली त्यांना. ते दुसऱ्या चर्चमधी जातात. मंग एक मास्तर आले, बदलीवाले. त्यांची आई आजारी असते.” त्या बोटांवर मोजत एकेकाचं नाव सांगत होत्या. चौदा नावं झाली. वही नाही, रकाना नाही. प्रत्येकाचं गाव, कोण आजारी, कोणाचं लग्न जमलं, सगळं तोंडपाठ. माझ्या हातात सतरा रकान्यांची वही होती आणि तिच्यात फकिरांची अर्धी माहिती होती.

“आणि एक निळ्या ओढणीची मुलगी?” मी विचारलं.

“सृष्टी. सृष्टी गावित. वणीकडची. दवाखान्यात नर्स हाय, हॉस्टेलात ऱ्हाते. घर सोडून पहिल्यांदाच ऱ्हायलीये, लय एकटी पडलीये ती.” त्यांनी गुलाब मांडीवर ठेवला. “ती येती की. मागच्या रविवारी बी आली, आज बी आली. फलक वाचला, बरं वाटलं तिला. मंग गेटात तुम्ही वही घेऊन उभे दिसले. म्हनली, मावशी, आजोबांचं सगळं मला येत नाय. आन गेली परत. मी उपासना झाल्यावर तिला बाहेर भेटते, नाक्यावर.”

म्हणजे मुलगी तिसऱ्यांदा गेटापर्यंत आली होती. तिला परत पाठवणारा माणूस तिन्ही वेळा मीच. पहिल्यांदा नुसत्या खोकल्याने, पुढे दोनदा समितीसकट.

घरी गेल्यावर मी मालिनीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, मी सांगत होतेच. तिने फक्त वाढताना दोनदा आग्रह केला. मला त्या आग्रहाने जास्तच वाईट वाटलं आणि मी दोन्ही वेळा घेतलं.

त्या आठवड्यात मी स्वागत समिती विसर्जित केली. पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं की गेटवर विमलाबाई उभ्या राहतील. ते इतक्या चटकन हो म्हणाले की माझा किंचित अपमान झाला. फलक राहू दिला, कारण त्याला एकतीस मार्चपर्यंत परवानगी होती. राहता राहिला बाक. बाकाबद्दल मला कोणी काही बोललं नव्हतं, मालिनीसुद्धा नाही. शनिवारभर मी स्वतःला समजावत होतो की बाकाचा आणि या प्रकरणाचा काही संबंध नाही. समजावण्यात मी तसा पटाईत आहे, पण ऐकणारा मीच असल्यामुळे डाळ शिजली नाही.

रविवारी मी लवकर गेलो. गेटवर विमलाबाई होत्या, त्यांच्याकडे बघून ‘सलाम’ म्हणालो. तिसऱ्या बाकापाशी थांबलो, सवयीने. उशी तिथेच ठेवली आणि पुढे, म्हणजे मागे, चालत गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. तिथून सगळं वेगळंच दिसतं. सगळ्यांच्या पाठी दिसतात. खांबामुळे पाळकसाहेबांचा फक्त डावा हात दिसतो. वत्सलाबाईंनी येऊन चौथ्या बाकावर पर्स ठेवली, मान वळवून मला शेवटच्या बाकावर पाहिलं आणि बऱ्याच वेळाने पर्स उचलून मांडीवर घेतली. मालिनी आली, तिने रिकामी उशी पाहिली, मला शोधून काढलं, आणि आपल्या जागी बसली. तेवढ्यात पांढरी टोपी आत आली. फकिरांचा रिपोर्ट मिळायला अर्धा तास होता. ते सरळ तिसऱ्या बाकापाशी गेले आणि माझ्या उशीवर ऐसपैस बसले. माझ्या घशात काहीतरी झालं, पण मी ते गिळलं.

मग विमलाबाईंनी कोणालातरी आत पाठवलं. हातात गुलाबांची परडी. ओढणी आज पिवळी होती, पण चालण्यावरून ओळखलं. विमलाबाईंनी तिच्याकडे आजोबांची चौकशी केली नव्हती, तिला काम दिलं होतं. ती दारापासून एकेकाला गुलाब देत आली आणि माझ्यापाशी थांबली. मला ओळखण्याचं कारणच नव्हतं, कारण पहिल्या दिवशी तिने मान वर केली नव्हती आणि पुढे दोनदा लांबून फक्त वही पाहिली होती.

“सलाम, काका. पहिल्यांदाच आलात का?”

माझा बाप्तिस्मा या चर्चमध्ये झाला. माझं लग्न या चर्चमध्ये झालं. माझ्या वडिलांची शवपेटी मी याच दारातून खांद्यावर बाहेर नेली. हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

“हो,” मी म्हणालो. “या बाकावर पहिल्यांदाच.”

“मग हा फॉर्म भरा.” तिने परडीखालून एक कागद काढला. उरलेले फॉर्म फुकट जाऊ नयेत म्हणून विमलाबाईंनी ते वापरायला काढले होते. “सतरा रकाने आहेत, पण घाबरू नका. मावशी म्हणाल्या, नुसतं नाव लिहिलं तरी चालतं.”

मी खिशातून पेन काढलं आणि पहिल्या रकान्यात नाव लिहिलं. बाकीचे सोळा कोरे ठेवले. त्रेसष्ट वर्षांत मी अर्धवट भरलेला कागद कोणाला दिला नव्हता. तो तिच्या हातात देताना, घशात मघापासून अडकलेलं ते जे होतं, ते आलं. मी खोकलो.

सृष्टीचा हात थांबला. तिने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. विमलाबाई दारातून बघत होत्या. पुढे तिसऱ्या बाकावर मालिनीची मानही वळली होती. तिला तो खोकला बारा बाकांवरूनही ऐकू येतो.

“तो पुढचा बाक तुमचा आहे ना?” मुलीने विचारलं. “तिसरा?”

“होता,” मी म्हणालो. “तू उठलीस, ते माझ्यामुळे. चुकलं माझं.”

पुढे पेटी वाजायला लागली, लोक पहिल्या गीताला उभे राहू लागले. तिने परडी बाकाखाली ठेवली, ओढणी सावरली, आणि मी मधोमध बसलो होतो तिथे बोट दाखवलं.

“सरका ना थोडं, काका.”

मी सरकलो.